हप्ते भरणाऱ्याचं नाव

बिरूतात्यांना कोनशिला वाचायची खोड होती. नवं समाजमंदिर असो, एसटीच्या थांब्यावरची शेड असो, नाहीतर कुणाच्या तरी निधीतून बांधलेली मुतारी असो, तिथल्या संगमरवरी पाटीसमोर ते टोपी मागे सारून उभे राहायचे आणि ओळीवर बोट ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचायचे. उद्घाटक वाचायचे, अध्यक्ष वाचायचे, प्रमुख उपस्थिती वाचायचे, खालचे स्वागतोत्सुकसुद्धा सोडायचे नाहीत. सगळं वाचून झालं की शेजारी जो कुणी उभा असेल त्याला विचारायचे, "समदी नावं आली. हप्ते भरनाऱ्याचं नाव कुटं हाय?"

शेजारचा माणूस हसायचा. तात्या हसायचे नाहीत. उत्तर मिळेपर्यंत ते त्याच्याकडे बघत राहायचे आणि मग तो माणूस काहीतरी काम आठवून निघून जायचा.

मी त्या गावात सहा वर्षं ग्रामसेवक होतो. कुर्डुवाडीच्या अलीकडचं गाव. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या ग्रामसभांच्या इतिवृत्तांवर सह्या माझ्या आहेत आणि माझी नोकरी अजून शिल्लक आहे. तात्या ग्रामपंचायतीचे शिपाई. शिपाई म्हणजे सगळंच. सकाळी पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायचे, दुपारी घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली करायची, संध्याकाळी दिवे लावायचे आणि अधूनमधून मला शिकवायचं. हे शेवटचं काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, पण त्यात त्यांनी कधी खाडा केला नाही.

अंगाने उंच, काटक. व्हॉल्व्ह फिरवायचा लोखंडी पाना आयुष्यभर उजव्या खांद्यावर वाहून तो खांदा जरा खाली आलेला. बोलणं असं, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं भांडण चाललंय. मी रुजू झालो त्या दिवशी मी त्यांना म्हणालो होतो, "तात्या, पंचायतीच्या कामांना सरकार पैसे देतंय, आपलं काय जातंय?" तात्यांनी झाडू तसाच हातात धरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"भाऊसाहेब, सरकार कोन? तुमी-आमीच की. फकस्त उधारीवर."

मी नवा होतो, पदवीधर होतो आणि शिपायाकडून ऐकून घ्यायची मला सवय नव्हती. मी त्यांना चहा आणायला पाठवलं. त्यांनी चहा आणला, आणि माझ्या चहाचे पैसे माझ्याकडून मागून घेतले. आधीचे भाऊसाहेब चहा ग्रामपंचायतीच्या किरकोळ खर्चात टाकत होते, हे मला नंतर कळलं. मी असेपर्यंत तात्यांनी ते होऊ दिलं नाही. सहा वर्षांत मी माझ्या पैशाने किती चहा प्यायलो असेन, याचा विचार आला की आजही थोडा राग येतो.

वसुलीत ते कुणाचा मुलाहिजा ठेवत नसत. तेव्हाच्या सरपंचाच्या सख्ख्या चुलत्याची पाणीपट्टी तीन वर्षं थकली होती, तर तात्यांनी भर लग्नघाईत त्याचं कनेक्शन तोडलं. चुलता मांडवातून धावत आला, शिव्या दिल्या, अंगावर गेला. तात्या खड्ड्यात उतरून नळ बंद करत होते, ते वर न बघता म्हणाले, "पावती फाडा, दोन मिंटात जोडतो. शिव्यांची पावती आमच्यात न्हाय." दोन मिनिटांत पैसे आले आणि तात्यांनी खरंच दोन मिनिटांत जोडून दिलं. वर नवरीसाठी अकरा रुपयांचा आहेरही करून आले.

असा माणूस वसुलीत एवढा कठोर का, हे मला फार उशिरा कळलं. एकदा दुपारी आम्ही दोघं जुन्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत भाकरी खात होतो. ही टाकी कायम कोरडी. शेंगांच्या चटणीवर तेल ओतता ओतता मी सहज विचारलं, की ही कधी चालू होती? तात्यांनी खायचं थांबवलं.

ते नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. पंचायतीने कर्ज काढून पाण्याची योजना केली. टाकी झाली, पाईप पुरले, उद्घाटनाला पेढे वाटले. तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली ती आटलीच. पण हप्ते आटले नाहीत. पंचायतीने पाणीपट्टी चालूच ठेवली आणि वसुलीला तात्यांना धाडलं.

"एका घरात नवी सून आलती," तात्या म्हणाले. "एकलीच होती घरात. मला म्हनली, मामा, मी ह्या गावात आल्यापास्नं नळाला थेंब बघितला न्हाय, पट्टी कसली? मी तवा तरना होतो, अंगात मस्ती. हुकूम हुता जप्तीचा. तिची पितळंची घागर उचलली आन आनली चावडीवर. तिला पानी आनायचीच घागर, भाऊसाहेब. दुसऱ्या दिवशी माज्या पगारातनं पट्टी भरली आन घागर निऊन दिली. तिनं घेतली. पन त्या दिवसापास्नं माज्याशी बोलली न्हाय. आता नातवंडं झाल्यात तिला, अजून बोलत न्हाय."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. तात्यांनी हात केला.

"ज्येनी पेढं खाल्लं ते मेलं. जिनं पानी पाह्यलं न्हाय तिच्याकडनं मी वसूल केलं. ह्येला काय म्हनायचं, तुमी शिकल्याले हाय, तुमी सांगा."

मी चटणीचा डबा बंद करायला घेतला.

पुढे निवडणूक होऊन नवे सरपंच आले. तरुण, शिकलेले, कामाचा उरक असलेले. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. शेजारच्या गावात वेशीवर मोठी कमान झाली होती आणि लोक तिच्याखाली उभं राहून फोटो काढत होते, तेव्हापासून यांच्या डोक्यात कमान बसली. वेशीवर दगडी कमान, वर दोन घोडे, चौकात रंगीत दिव्यांचं कारंजं. पैसे कुठून आणायचे? तर जिल्ह्याच्या निधीतून ग्रामपंचायतींना कर्ज मिळतं ते काढायचं, फेड वीस वर्षांची. घरपट्टी थोडी वाढवली की हप्ते निघतील. मी आराखडा तयार केला. चांगला केला होता, माझे आराखडे चांगलेच असतात.

तात्या झाडताना सगळं ऐकत होते. "चार दिसाआड पानी सोडतो मी गावाला," ते म्हणाले. "कारंजाला रोज कुटनं सोडू?"

सरपंच हसले. "तात्या, कर्जाशिवाय विकास होतो का? लोक घर बांधायला कर्ज काढतात की नाही? पोरंबाळंच राहतात ना त्या घरात?"

"व्हय की. म्हनून तर म्हनतो," तात्या म्हणाले. "शाळंला खोल्या बांधायला काढा कर्ज. खोलीत पोरं बसनार, त्येनी पुढं थोडं भरलं तर बिगडत न्हाय. पयली सही माजी. कमानीत कोन बसनार हाय? तिच्याखालनं नुसतं जायाचं. तुमी फोटू काडनार आन वीस वर्सं बिल भरनार दुसरंच."

सरपंचांनी आवाज खाली आणला. ग्रामपंचायतीकडे तात्यांचा सोळा महिन्यांचा पगार थकलेला होता. वसुली नाही म्हणून पगार नाही, हे आमच्याकडे नेहमीचंच. तात्यांना निवृत्त व्हायला वर्षही उरलं नव्हतं. सरपंच म्हणाले, "तात्या, याच कर्जात तुमची थकबाकी बसवलीय. ठराव झाला की पहिला चेक तुमचा. रिकाम्या हाताने घरी जाऊ नका." हे खरं होतं. आराखड्यात तो आकडा मीच घातला होता आणि तात्यांवर उपकार केल्यासारखं मला वाटत होतं. तात्या पुन्हा झाडायला लागले, त्यामुळे मला वाटलं, जमलं.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला पाहिजे. कर्जाला ग्रामसभेचा ठराव लागतो आणि ग्रामसभेला शंभर माणसांचा कोरम लागतो. सभेला येतात पंधरा. त्यातले पाच सभा संपायच्या आत उठतात. मग सभा झाली असं धरून शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन घरोघर जातो आणि सह्या आणतो. जेवता जेवता, दाढी करता करता, गुरांना वैरण टाकता टाकता लोक सह्या करतात. कशावर, हे कुणी विचारत नाही. मी कितीतरी ठराव असे केले. सगळे असेच करतात, हे माझं स्पष्टीकरण आहे आणि ते मी याआधीही बऱ्याच ठिकाणी दिलेलं आहे.

त्याही वेळी पंधराच आले. रविवार होता. मी ठराव लिहिला, सह्यांच्या पानांवर रेघा मारल्या आणि तात्यांना रजिस्टर दिलं. नऊ वाजता गेलेले तात्या चारला परत आले. एरवी त्यांना दोन तास पुरायचे. रजिस्टर माझ्यापुढे ठेवून ते दारातल्या बाकावर बसले आणि चप्पल काढून पाय चोळायला लागले.

मी पान उघडलं. पहिली सही मोठ्या गोल अक्षरात, रेघ सोडून खाली गेलेली: श्रावणी, इयत्ता दुसरी. दुसरी सही पेन्सिलीने. तिसऱ्या ओळीत एका पोराने आपलं नाव, वडिलांचं नाव, शाळेचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका सगळं लिहिलं होतं. प्रत्येक सहीपुढे तात्यांनी स्वतःच्या हाताने एक नवा रकाना आखला होता: "शेवटच्या हप्त्याला वय". श्रावणीपुढे सत्तावीस. पुढच्या पानावर एक बारीक अंगठा उमटलेला होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. नावाच्या जागी लिहिलं होतं, "बारसं व्हायचंय". वयाच्या रकान्यात वीस.

रजिस्टरची पानं क्रमांक घातलेली, शिक्का मारलेली. फाडता येत नाहीत. मी सरपंचांना फोन केला, ते आले, त्यांनी पानं उलटली.

"तात्या, हे काय केलंत?"

"तुमीच म्हनला शंभर सह्या आना. शंभरावर चार हायत."

"ही पोरं मतदार आहेत का?"

"न्हाईत," तात्या म्हणाले. "फेडनार हायत."

आणि त्यांनी चपला घातल्या. सरपंच मला म्हणाले, याला नोटीस काढा. मी नोटीस टाईप केली आणि ती अजून त्या कॉम्प्युटरात असेल, कारण मी ती कधी छापली नाही. धैर्य म्हणून नव्हे. तात्यांना नोटीस हातात कशी द्यायची, ते मला कळेना. इतिवृत्तात मुलांच्या सह्यांपुढे मी "अनवधानाने" असा शब्द घातला. तेवढंच मला जमलं.

कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, आठवडाभराने चार माणसांत ठराव करता येतो. सरपंच त्या भरवशावर होते. पण त्या आठवड्यात पोरांनी घरोघर डोकं खाल्लं होतं. आपण सही कशावर केली, सत्तावीस वर्षांचं झाल्यावर आपल्याला काय भरायचंय, असं शंभर घरांत विचारणं झालं. तहकूब सभेला देवळासमोरचा कट्टा भरला. बायका आल्या. असल्या सभेला बायका आलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या. मला माईक मागवावा लागला.

सरपंच कच्चे नव्हते. त्यांनी कमानीचं नावच काढलं नाही. ते म्हणाले, "आपले बिरूतात्या. जन्मभर आपल्याला पाणी सोडलं. त्यांचा सोळा महिन्यांचा पगार थकलाय. तो या कर्जातून द्यायचा आहे. कर्ज नको असेल तर तात्यांनाही काही मिळायचं नाही. ज्याला तात्यांच्या पोटावर पाय द्यायचा असेल त्याने हात वर करावा."

कट्ट्यावर एकही हात हलला नाही. मला वाटलं, संपलं. तात्या मागे खांबाला टेकून उभे होते. ते पुढे आले. माईक घेतला नाही, त्यांना तो कधी लागलाच नाही.

"माजा पगार मला पायजे," ते म्हणाले. "सोडला असं कुनी समजू नगा. मी काय साधू न्हाय. पन त्यो गेला कुटं, ते बगा. त्यो काय जिल्ह्याला न्हाय, मुंबईला न्हाय. त्यो हितं बसलाय." त्यांनी कट्ट्यावरून बोट फिरवलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. "पानी तुमी प्याला. घरपट्टी तुमी भरली न्हाय. माजा पगार तुमच्या खिशात हाय, आन सरपंच त्यो दुसरीतल्या पोरीकडनं काडून मला देनार हायत. मी घेऊ व्हय तिच्याकडनं? थकबाकीची यादी हाय माज्याकडं. वाचू?"

"नको नको," कुणीतरी म्हणालं. चारदोन माणसं मान खाली घालून हसली. तात्यांनी यादी उघडली नाही, पण खिशातही ठेवली नाही. ती हातात धरून ते उभे राहिले. मग एक म्हातारी बाई उठली आणि म्हणाली, "आमचं किती हाय ते सांग, उद्या देते. पन त्ये घोडं नगं." त्यावर जे हसू पिकलं त्यात ठराव वाहून गेला. मी मतं मोजली. मोजायची गरज नव्हती, पण मला मोजायची होती.

आठ दिवस वसुली जोरात झाली. पावतीपुस्तक संपून दुसरं काढलं. मग हळूहळू थंडावली, जशी थंडावते. तात्यांचे तीन महिने निघाले, तेरा राहिले. ते निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही नारळ आणि शाल दिली. शाल उलटीपालटी करून ते म्हणाले, "ही कुटल्या खर्चात टाकली, भाऊसाहेब?" मी म्हणालो, माझ्या. तेव्हा घेतली.

नंतर माझी बदली माळशिरसकडे झाली. वर्षभराने मी बैठकीसाठी सोलापूरला जिल्ह्याच्या कचेरीत गेलो होतो. बैठक संपवून जिना उतरत होतो तर खालच्या खिडकीपाशी रांगेत तात्या. धोतर स्वच्छ, टोपी स्वच्छ, दाढी मात्र चार दिवसांची. हातात दोन अर्ज. मला बघून त्यांनी आधी तब्येत विचारली नाही, आधी बातमी दिली. कमानीचा ठराव झाला होता. नव्या शिपायाने रजिस्टर फिरवलं होतं.

"किती सह्या?" मी विचारलं.

"शंभरावर अकरा. त्यात दोन मेल्याली हायत," तात्या म्हणाले. "मेल्याल्या मानसांनी सह्या केल्या, भाऊसाहेब, आन फेडनार पाळन्यातली."

खिडकीत तिशीची एक बाई होती. तिने दोन्ही अर्ज नीट वाचले, एवढं तिच्याबद्दल सांगितलं पाहिजे. एक अर्ज तेरा महिन्यांच्या थकबाकीचा, दुसरा कर्जाला हरकतीचा. ती म्हणाली, "आजोबा, तुमची थकबाकी या कर्जातूनच देणार, असं ग्रामपंचायतीचं पत्र आहे. हरकत घेतलीत तर तुमचेच पैसे अडकतील. यातला एकच द्या."

"दोनी घ्या," तात्या म्हणाले. "एक मागायचा हक हाय, एक नगं म्हनायचा हाय. दोनी माजेच हायत."

तिने थकबाकीच्या अर्जावर बोट ठेवलं. "इथे वारसाचा रकाना रिकामा राहिलाय."

"वारस न्हाय. बायकू गेली औंदा. पोरबाळ झालंच न्हाय."

हे मला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तात्या भर सभेत गावापुढे थकबाकीची यादी धरून उभे होते तेव्हाही ते कुणी तोंडावर काढलं नव्हतं, तेवढी लाज गावाने राखली होती. त्या बाईला मात्र काही ठाऊक नव्हतं. तिने हरकतीचा अर्ज पुन्हा बघितला. मला वाटतं, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मग आजोबा, यात तुम्ही लिहिलंय, पुढच्या पिढीवर बोजा नको. तुमचं तर कुणीच नाही. हे कुणासाठी?"

रांगेतली माणसं ऐकायला लागली होती. माझी दोन मुलं पुण्याला शिकतात. मी तिथेच तात्यांच्या खांद्याशी उभा होतो.

"ज्येना पोरं हायत त्येनी सह्या केल्या की, बाई," तात्या म्हणाले. "मग नगं म्हनायला दुसरं कोन उरलं?"

तिने दोन्ही अर्जांवर शिक्के मारले, पोच दिली आणि पंधरा दिवसांनी या म्हणाली. तात्यांनी दोन्ही शिक्के उजेडाकडे धरून तपासले, त्यातला एक पुसट उठला होता तो परत मारून घेतला.

"पंधरा कशाला? आटव्या दिशी येतो," म्हणाले, आणि खाली आलेला खांदा तसाच पुढे काढत ते एसटी स्टँडच्या दिशेने चालायला लागले.